कंटेनरचे स्थलांतर : काय न्यावे, काय नव्याने उभारावे

— बी. ए. भाग २ (मराठी)

आपल्यापैकी बहुतेकांना एक अनुभव केव्हा ना केव्हा आलेला असतो. डीटीपी सेंटरवर निबंध टाइप करून घ्यावा, पेन-ड्राइव्हवर आणावा, आणि महाविद्यालयाच्या संगणकावर उघडताच मराठी अक्षरांच्या जागी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची गिचमीड दिसावी! मजकूर नाहीसा झालेला नसतो. तो ज्या फॉण्टच्या आधाराने लिहिला, तो फॉण्ट पहिल्या यंत्रावरच राहिलेला असतो. जुन्या फॉण्टांत ‘क’ हे अक्षर संगणकाच्या लेखी ‘क’ नसेच. इंग्रजी अक्षराच्या जागेवर काढलेले ते एक चित्र असे. १९९१ पासून रूढ होत गेलेल्या युनिकोडने ही अडचण पुष्कळ कमी केली. परंतु तिच्या मुळाशी असलेला प्रश्न अद्याप कायम आहे. एका यंत्रावर चालणारे काम त्या यंत्रातल्या असंख्य गोष्टींवर विसंबून असते. काम उचलून दुसरीकडे नेले की त्या गोष्टी मागे राहतात आणि काम बंद पडते.

ह्या प्रश्नावर संगणकशास्त्राने काढलेल्या एका उत्तराचे नाव ‘कंटेनर’. लिनक्स ह्या प्रणालीवरील कंटेनर एका यंत्रावरून दुसऱ्यावर कसा न्यावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीने ह्या विषयाला हात का घालावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधी देते.

आमच्या विभागातील विद्यार्थ्यांनी गेली काही वर्षे करवीर व पन्हाळा तालुक्यांतील गुऱ्हाळांवरचे शब्द आणि खेड्यांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या आहेत. काहील, चुलवाण, गुळव्या, आदण, चिपाड, ढेप हे शब्द ज्यांच्या तोंडी रोज असतात, त्यांतल्या कित्येकांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही. माझी आई गुऱ्हाळावर चिपाडे वाळत घालायला जात असे. तिने सांगितलेले शब्दही ह्या संग्रहात आहेत. घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आईचे बोलणे कोठे तरी ‘नोंद’ म्हणून लिहिले जाते, ह्याचे अप्रूप तिच्यापेक्षा मलाच अधिक वाटले. हा सारा संग्रह विभागातील एका जुन्या संगणकावर, एका माजी विद्यार्थ्याने उभारून दिलेल्या कंटेनरमध्ये होता. संगणक तळमजल्यावर होता. कोल्हापुरात तळमजल्याचा अर्थ काय, हे २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत सर्वांनी पाहिले आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही पंचगंगेची धोक्याची पातळी. त्या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. तेव्हा गेल्या मे महिन्यात सरांनी सांगितले, “पावसाळ्याआधी संग्रह ग्रंथालयातल्या वरच्या मजल्यावरच्या संगणकावर हलवायचा.” माजी विद्यार्थी आता पुण्याला नोकरीस असतो. त्याने दूरध्वनीवरून वाट दाखवली आणि आम्ही तिघांनी प्रत्यक्ष काम केले. त्यातून जे कळले ते येथे क्रमाने मांडत आहे.

१. कंटेनर म्हणजे काय?

लिनस टॉरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठाचा २१ वर्षांचा विद्यार्थी. त्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहावयास घेतला. ह्या गाभ्यास कर्नल म्हणतात. यंत्राची स्मृती, डिस्क, पडदा, कळफलक ह्या साऱ्यांवर त्याची सत्ता चालते आणि इतर सर्व कार्यक्रम त्याच्याकडे मागणी करून आपले काम साधतात.

आता कल्पना करा, की एका कार्यक्रमाभोवती गाभ्याने असा पडदा उभा केला, की त्या कार्यक्रमास आपणच ह्या यंत्रावर एकटे आहोत असे वाटावे. त्याला दिसणाऱ्या फायली वेगळ्या, त्याचे शेजारी वेगळे, त्याच्या वाट्याची स्मृती मोजून दिलेली. अशा पडद्याआडच्या कार्यक्रमास कंटेनर म्हणतात. ही कल्पना एका दिवसात आलेली नाही. कार्यक्रमास फायलींचा एक मर्यादित कोपराच दिसावा, ही सोय १९७९ मध्ये युनिक्स प्रणालीत आली. २००० साली फ्रीबीएसडी ह्या प्रणालीने ‘जेल’, म्हणजे तुरुंग, अशा नावाची अधिक पक्की व्यवस्था केली. लिनक्समध्ये वेगवेगळे पडदे २००२ पासून एकेक करून येत गेले. स्मृती व प्रक्रियाशक्ती मोजून देण्याची व्यवस्था गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये लिहावयास घेतली आणि २००८ च्या जानेवारीत ती लिनक्सच्या गाभ्यात आली. २०१३ साली सॉलोमन हाइक्स याने ‘डॉकर’ हे साधन जगापुढे ठेवले, आणि तज्ज्ञांपुरती असलेली ही विद्या सर्वसामान्य प्रोग्रामरच्या हाती आली.

कंटेनर आणि ‘आभासी यंत्र’ ह्यांत घोटाळा होऊ नये. आभासी यंत्र स्वतःचा गाभा बरोबर आणते; कंटेनर आणत नाही. गुऱ्हाळाच्या भाषेत सांगायचे तर आभासी यंत्र म्हणजे शेगडीसकट आलेले पातेले, आणि कंटेनर म्हणजे नुसती काहील. तिला स्वतःचा विस्तव नाही. ज्या चुलवाणावर ठेवाल त्याच्याच आचेवर तिचे काम चालायचे. म्हणूनच ती हलकी असते. पण त्याचबरोबर नवे चुलवाण तिला जुळणारे हवे, हेही ओघाने आलेच.

नावाचाही थोडा खुलासा करते. जहाजावरील लोखंडी कंटेनर हाच ह्या नावामागचा दाखला होय. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन याच्या ‘आयडियल एक्स’ ह्या जहाजाने ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या. पूर्वी प्रत्येक बंदरात माल गोणी-गोणीने उतरवावा लागे. पेटी ठरावीक मापाची झाल्यावर आत काय आहे हे क्रेनला ठाऊक असण्याचे कारण उरले नाही. न्हावा-शेवा येथील बंदर १९८९ साली सुरू झाले, ते ह्याच पेट्यांच्या जोरावर वाढले. संगणकातील पेटीचे मापही असेच ठरावे म्हणून २०१५ मध्ये अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन नियम बांधले. त्यामुळे एका साधनाने बांधलेली पेटी आज दुसऱ्या साधनाने उघडता येते.

२. साचा, मूर्ती आणि साठा

स्थलांतराचे सारे मर्म पुढील तीन गोष्टींचा भेद ओळखण्यात आहे. तो ध्यानात आला नाही, तर आज्ञा कितीही पाठ केल्या तरी उपयोग नाही.

पहिली गोष्ट ‘इमेज’. हा साचा होय. कार्यक्रम, त्याला लागणारी ग्रंथालये, फॉण्ट आणि भाषेची मांडणी हे सारे साच्यात गोठवलेले असते. साचा बदलत नाही. कुंभारगल्लीत एका साच्यातून शंभर गणपती निघतात, तसे एका इमेजमधून हवे तितके कंटेनर काढता येतात.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष कंटेनर, म्हणजे साच्यातून निघालेली मूर्ती. ती चालू असते, थांबवता येते, मोडता येते. मोडली तर साच्यातून दुसरी काढता येते. तिचे दुःख करण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट साठा. डॉकरमध्ये त्याला ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. माणसांनी भरलेली माहिती त्यात असते. आमच्या बाबतीत शब्दांच्या नोंदी, ओव्या आणि बायकांच्या आवाजांची मुद्रणे, ही सारी साठ्यात होती. साठा मुद्दामच कंटेनरच्या बाहेर, मूळ यंत्राच्या डिस्कवर ठेवतात. मूर्ती मोडली तरी तो राहावा, हा हेतू.

आता गंमत पाहा. साचा जतन करण्याची आज्ञा आहे ‘डॉकर सेव्ह’. चालू कंटेनरच्या फायली बाहेर काढण्याची आज्ञा आहे ‘डॉकर एक्स्पोर्ट’. कंटेनरमध्ये झालेल्या बदलांसह नवा साचा करण्याची आज्ञा आहे ‘डॉकर कमिट’. ह्या तिन्ही आज्ञांपैकी एकही व्हॉल्यूममधील साठा बरोबर घेत नाही. ज्याला हे माहीत नाही तो इमेज जतन करतो, नव्या यंत्रावर चढवतो, पान उघडतो. पान सुरेख उघडते! शीर्षक आहे, शोधाची चौकट आहे, सगळे जागच्या जागी आहे. फक्त शब्दांची संख्या शून्य. जुने यंत्र तोवर भंगारात गेलेले असेल तर ते शून्य कायमचे.

नदीकाठच्या लोकांना हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. पाणी वाढू लागले की चिखली-आंबेवाडीकडची माणसे आधी जनावरे सोडतात, मग कागदपत्रांची पिशवी घेतात. चूल, माळा, भिंत ह्यांत कोणी जीव अडकवीत नाही, कारण ती पुन्हा उभारता येतात. साचा म्हणजे चूल-भिंत; साठा म्हणजे जनावरे आणि कागदांची पिशवी.

३. प्रत्यक्ष स्थलांतर

आम्ही केलेल्या कामाच्या पायऱ्या अशा होत्या.

(अ) मोजदाद. कोणते कंटेनर चालू आहेत हे ‘डॉकर पीएस’ ह्या आज्ञेने कळते. ‘डॉकर इन्स्पेक्ट’ ही आज्ञा एकेकाची कुंडली मांडते : कोणत्या इमेजमधून निघाला, कोणते व्हॉल्यूम जोडले आहेत, बाहेरच्या जगाशी कोणत्या क्रमांकाच्या दारातून बोलतो, कोणते परवलीचे शब्द त्याला दिले आहेत. आमचे दोन कंटेनर निघाले : एक पान दाखवणारा, दुसरा पोस्टग्रेस हे माहितीकोठार चालवणारा. व्हॉल्यूमही दोन होते, एक नोंदींचा व एक ध्वनिमुद्रणांचा. हे सर्व आम्ही वहीत उतरवून घेतले. ज्या संगणकावर संकट येणार, त्यावरच यादी ठेवण्यात अर्थ नाही.

(आ) साचा बांधणे. इमेज ज्या पाककृतीवरून तयार होते ती पाककृती हाताशी असेल तर नव्या यंत्रावर ती पुन्हा तयार करता येते. पण पाककृतीत ‘सर्वांत नवी आवृत्ती आण’ असे लिहिलेले असेल, तर आज आणलेली आवृत्ती तीन वर्षांपूर्वीचीच असेल असे नाही. म्हणून आम्ही ‘डॉकर सेव्ह’ वापरून जुनीच इमेज जशीच्या तशी एका फायलीत बांधली. ‘एक्स्पोर्ट’ टाळले, कारण त्यात फायली येतात परंतु कंटेनर सुरू कसा करायचा ह्याची माहिती गळून पडते.

(इ) साठा बांधणे. माहितीकोठार चालू असताना त्याची फोल्डर उचलून नेणे धोक्याचे. वाण्याची वही तो लिहीत असतानाच कोणी ओढून घेतली, तर अर्धी ओळ तिकडे आणि अर्धी इकडे राहावी, तसे होते. म्हणून प्रथम पान दाखवणारा कंटेनर थांबवला, म्हणजे नवी नोंद कोणी भरू नये. मग ‘पीजी-डम्प’ ह्या साधनाने सर्व नोंदी साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढल्या. ध्वनिमुद्रणे ‘टार’ ह्या साधनाने एका गाठोड्यात बांधली.

फोल्डर न उचलता मजकूर का काढला, ह्याला आणखी एक कारण आहे, आणि ते भाषेच्या विद्यार्थ्याने मुद्दाम समजून घेण्यासारखे आहे. माहितीकोठार शब्द लवकर सापडावेत म्हणून त्यांची वर्णक्रमाने सूची करून ठेवते, ग्रंथालयातील कार्डांच्या खणासारखी. पण वर्णक्रम कोणता, हे बऱ्याचदा ‘ग्लिबसी’ नावाच्या मूळ ग्रंथालयावर ठरते. २०१८ साली त्याच्या २.२८ ह्या आवृत्तीत वर्णक्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. जुन्या क्रमाने लावलेला खण नव्या क्रमाने शोधणाऱ्या ग्रंथपालाच्या हाती दिला तर काय होईल? कार्ड खणात असूनही त्याला ते सापडणार नाही. जुनी फोल्डर नव्या इमेजला जोडली तर नेमके हेच घडू शकते. मजकूर काढून पुन्हा भरला, तर सूची नव्या जागी नव्याने बांधली जाते आणि हा धोका टळतो. शिवाय पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलल्यास जुनी फोल्डर उघडतच नाही. मजकूर मात्र पुढच्या आवृत्तीत भरता येतो.

(ई) मोहोर. प्रत्येक गाठोड्याची ‘शा-२५६’ ह्या पद्धतीने मोहोर काढली. हा ६४ चिन्हांचा एक ठसा असतो. फायलीतील एक बिंदू जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. इकडचा ठसा व तिकडचा ठसा जुळला, म्हणजे वाटेत काही सांडले नाही असे समजावे.

(उ) वाहतूक. पेन-ड्राइव्ह बहुधा ‘फॅट-३२’ पद्धतीने आखलेले असतात आणि त्यांत ४ जीबीहून मोठी एक फाइल मावत नाही. ड्राइव्ह ३२ जीबीचा असला तरीही नाही. आमचे ध्वनिमुद्रणांचे गाठोडे ११ जीबीचे होते. अशा वेळी ड्राइव्ह ‘एक्सफॅट’ पद्धतीने आखावा, गाठोड्याचे तुकडे करावेत किंवा दोन्ही यंत्रे तारेने जोडून फाइल थेट पाठवावी. आम्ही तिसरा मार्ग घेतला आणि पेन-ड्राइव्हवर एक जादा प्रत तुकड्यांनी ठेवली. ज्या बायकांनी विश्वासाने आपली नावे व आवाज दिले, त्यांची ती ठेव असल्याने काम झाल्यावर ड्राइव्ह पुसून टाकला.

(ऊ) उभारणी. नव्या यंत्रावर ‘डॉकर लोड’ ह्या आज्ञेने साचे चढवले, रिकामे व्हॉल्यूम केले, त्यांत साठा भरला आणि वहीतल्या कुंडलीप्रमाणे कंटेनर सुरू केले. येथे एका गोष्टीची आधीच खात्री केलेली बरी. नेहमीच्या इंटेल जातीच्या संगणकासाठी बांधलेली इमेज रास्पबेरी पायसारख्या एआरएम जातीच्या यंत्रावर सरळ चालत नाही. चुलवाण जुळणारे हवे, असे वर म्हटले ते ह्यासाठी. आमची दोन्ही यंत्रे एकाच जातीची असल्याने प्रश्न आला नाही.

४. पडताळणी

पान उघडले म्हणजे काम झाले असे नव्हे. आम्ही चार परीक्षा घेतल्या.

पहिली संख्येची. दोन्हीकडील नोंदींची व मुद्रणांची संख्या सारखी भरली.

दुसरी क्रमाची. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो. युनिकोडच्या कोष्टकात मात्र तो ‘ल’ला लागूनच बसवला आहे. त्यामुळे मराठीचा क्रम न कळणारे यंत्र ‘काळ, कावळा, कासव’ अशी यादी लावते. मराठीचा क्रम कळणारे ‘कावळा, कासव, काळ’ अशी लावते. तीन शब्दांची ही चाचणी कोणीही करून पाहावी. आमच्या नव्या यंत्रावर ‘काळ’ शेवटी आला, तेव्हा भाषेची मांडणी साच्याबरोबर नीट आली हे समजले.

तिसरी आवाजाची. कोणतीही दहा मुद्रणे काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. ठसा जुळला असतानाही ऐकण्याचे कारण असे, की कोणता आवाज कोणत्या नोंदीला जोडलेला आहे हे ठशावरून कळत नाही.

चौथी शोधाची, आणि तिनेच आम्हांस चकित केले. ‘गुऱ्हाळ’ हा शब्द शोधला तर काही नोंदी मिळाल्या, काही मिळाल्या नाहीत. डोळ्यांना तर सगळीकडे एकच शब्द दिसत होता! जुन्या यंत्रावर शोधून पाहिले, तेथेही तेच. म्हणजे दोष प्रवासातला नव्हता. ‘ऱ्ह’मधील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार ‘ऱ’ ह्या स्वतंत्र अक्षरास हलन्त देऊन. दुसरा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. दोन्ही दिसतात सारखे, पण यंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द. वेगवेगळ्या वर्षांच्या विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या कळफलकांवर नोंदी भरल्या होत्या, त्याचा हा परिणाम. पुढे एकच प्रकार ठरवून सर्व नोंदी सारख्या केल्या. तात्पर्य, कंटेनर गुणांप्रमाणे दोषही निष्ठेने वाहून नेतो. स्थलांतर म्हणजे दुरुस्ती नव्हे. मात्र दोष दिसण्याची ती एक चांगली संधी असते.

ह्या परीक्षा झाल्यावरही जुने यंत्र महिनाभर ठेवले, पण त्यावरील कंटेनर बंद करून. दोन्ही चालू ठेवले असते तर काही नोंदी इकडे, काही तिकडे भरल्या गेल्या असत्या आणि कोणती प्रत खरी हे पुढे कोणासच सांगता आले नसते. प्रती अनेक असाव्यात, पण लिहिण्याची वही एकच असावी.

५. चालता कंटेनर नेता येतो काय?

येतो. ‘क्रियू’ नावाचे एक साधन २०११ पासून विकसित होत आले आहे. ते चालू कार्यक्रमास जागच्या जागी गोठवते, त्याच्या स्मृतीतील सर्व काही फायलींत उतरवते आणि दुसऱ्या यंत्रावर त्याच क्षणापासून पुढे चालू करते. अर्धवट कढलेला रस काहिलीसकट उचलून दुसऱ्या गुऱ्हाळाच्या चुलवाणावर ठेवावा आणि आच न मोडता कढ पुढे चालू राहावा, असाच हा प्रकार. पण दोन्ही यंत्रांचे गाभे व प्रक्रियक पुष्कळसे जुळावे लागतात, आणि बाहेरच्या जगाशी चालू असलेली संभाषणे सांभाळणे कठीण जाते.

मोठ्या संस्था बहुधा ह्या वाटेस जात नाहीत. मराठी विकिपीडियाचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला हा ज्ञानकोश अमेरिकेत व्हर्जिनिया आणि टेक्सास ह्या दोन राज्यांतील यंत्रांवर चालतो. वर्षातून दोनदा मुख्य कारभार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवला जातो. त्या वेळी काही मिनिटे लेख वाचता येतात, पण संपादन करता येत नाही. तशी सूचनाही पानावर झळकते. तेथे चालता कंटेनर कोणी उचलून नेत नाही. त्याच साच्यातून काढलेले कंटेनर दोन्हीकडे उभे असतात. साठ्याची प्रत सतत पुढे जात असते. त्या काही मिनिटांत फक्त लिहिण्याची वही कोणती हे बदलते. आम्ही ग्रंथालयात जे केले, तेच हे मोठ्या प्रमाणावर.

६. एक लाख ओव्यांचा प्रवास

साठा आणि साचा ह्यांतील भेदाचे आणखी एक उदाहरण देते. ते कंटेनरचे नाही, पण आमच्या संग्रहाला फार जवळचे आहे.

हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटेविन ह्या दोन अभ्यासकांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल हे संगीताचे जाणकार अभियंते त्यांना येऊन मिळाले. ओव्यांचे संगणकीय कोठार तयार झाले आणि १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झाले. हा संग्रह प्रथम हरियाणातील गुडगाव येथील संगीतविषयक अभिलेखागारात होता. पुढे बेल यांनी तो फ्रान्समधील एक्स-आं-प्रोव्हान्स येथे नेला. २०१७ पासून ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहातून ह्या ओव्या जगापुढे येत आहेत. राईरकर आणि पॉइटेविन दोघेही आता हयात नाहीत. ओव्या मात्र आहेत.

ह्या वर्षांत यंत्रे बदलली, मराठी अक्षरे लिहिण्याच्या पद्धती बदलल्या. त्यांतले काहीही टिकले नसते तरी चालले असते. टिकायला हवी होती ती गाणाऱ्या बाईची ओळ, तिचे नाव आणि तिचे गाव. प्रत्येक मुक्कामी नवी चूल मांडणारे आणि पिशवी न विसरणारे कोणी तरी होते, म्हणून ती टिकली.

७. समारोप

थोडक्यात सांगायचे तर, कंटेनरने आपले काम पुष्कळ सोपे केले आहे. भोवतालच्या शंभर गोष्टी मागे राहून काम बंद पडण्याची जुनी पीडा त्याने दूर केली. परंतु त्याच सोयीपोटी एक नवा भ्रमही उत्पन्न होतो. पेटी नेली म्हणजे सगळे नेले, असे वाटू लागते. साचा पुन्हा मिळतो, मूर्ती पुन्हा निघते. माणसाने सांगितलेला शब्द पुन्हा मिळेलच असे नाही. आमच्या संग्रहात काही ओव्या सांगणाऱ्या दोन आजी आता राहिलेल्या नाहीत. त्यांच्या आवाजाची दुसरी प्रत कोणत्याही भांडारातून उतरवून घेता येणार नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांना आणि प्राध्यापकवर्गास माझी नम्र विनंती आहे. इतिहास विभागाकडे गावांच्या नोंदी आहेत, भूगोल विभागाकडे पाहणीचे तक्ते आहेत, समाजशास्त्र विभागाकडे मुलाखती आहेत. प्रत्येकाने पावसाळ्याआधी एकदा तीन प्रश्न विचारून पाहावेत. आपला साठा नेमका कोठे आहे? त्याची दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत आहे काय? आणि ती प्रत उघडून, वाचून, ऐकून कोणी पाहिली आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुष्कळांकडे असतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला एक दुपार पुरते. आमची वही, पायऱ्यांसह, ग्रंथालयात ठेवलेली आहे. ज्यांना हवी त्यांनी मागून घ्यावी.